डुगाँग, वॉम्बॅट आणि मराठवाड्यातले चार दिवस

माझ्या लेकीच्या, चिमीच्या, बाईंना दर वर्षी काहीतरी नवं सुचतं. यंदा पाचवीच्या वर्गाला त्यांनी प्रकल्प दिला: एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले दोन प्राणी घ्या आणि त्यांच्यातली पाच साम्यं शोधून आणा. फरक लिहायचे नाहीत, फरक कुणालाही दिसतात. वर्गात चिठ्ठ्या उचलल्या आणि आमच्या बाईसाहेबांच्या वाट्याला आले डुगाँग आणि वॉम्बॅट. पहिला समुद्राच्या तळाशी चरणारा सस्तन प्राणी, त्यालाच समुद्रगाय म्हणतात. दुसरा ऑस्ट्रेलियातला, पोटाला पिशवी असलेला, बिळं उकरणारा.

आणि आम्ही निघालो होतो मराठवाड्याला. जिथे २०१६ साली लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं, त्या मुलखात समुद्रातल्या प्राण्याची वही घेऊन फिरायचं म्हणजे कठीणच होतं. पण वही पिशवीत गेली. बरोबर नववीतला भाचा दादू होता. त्याला सगळं आधीच माहीत असतं. माझं माहेर संभाजीनगरचं, त्यामुळे गाडी आणि ड्रायव्हर भावाने ठरवून दिले. ड्रायव्हरमामा मूळचे देगलूरकडचे, तेलंगणाच्या सीमेजवळचे. हे देगलूर पुढे कामाला येणार आहे.

दिवस पहिला: देवगिरी आणि वेरूळ

सप्टेंबरचा मधला आठवडा. पाऊस नुकताच उघडलेला, डोंगर हिरवेगार, आणि देवगिरीच्या माथ्यावर ढग टेकलेला. एरवी एप्रिलमध्ये हा किल्ला चढताना जीव जातो, या वेळी जोराचा वारा होता.

देवगिरीत मला सगळ्यात आवडते ती अंधारी. कातळ पोखरून काढलेला वळणावळणाचा भुयारी जिना. शत्रू खंदक ओलांडून इथवर आला तरी आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. वाटाड्याने टॉर्च विझवून दाखवला तेव्हा वटवाघळांचा वास आणि चिमीने माझा धरलेला हात, एवढंच उरलं. वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून धूर आत सोडायची सोय होती, असं त्याने सांगितलं.

बाहेर उजेडात येताच दादूने तोंड उघडलं. "हे वॉम्बॅटचंच बीळ आहे, मावशी." वॉम्बॅटची बिळं तीस-तीस मीटर लांब असू शकतात, तोंडं एकाहून जास्त. रानकुत्रा मागे लागला की वॉम्बॅट डोकं आत घालून बिळात शिरतो आणि मागच्या भागाने वाट बंद करून टाकतो. त्याच्या पार्श्वभागावर कुर्चेची जाड ढाल असते, कातडी चिवट, आणि शेपूट जवळजवळ नाहीच, त्यामुळे चावणाऱ्याला धरायला काही सापडत नाही.

मामांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे तोंड लपवायचं अन् ढुंगणानं दार लावायचं. आमच्या गावात उधारी ठेवणारे असेच हायेत."

(किल्ल्यासाठी: सकाळी लवकर चढा, प्रत्येकाकडे पाण्याची बाटली आणि एक तरी टॉर्च हवा. मोबाईलचा उजेड अंधारीत पुरत नाही. पायऱ्या ओल्या असतात, चप्पल घालून जाऊ नका.)

वेरूळला पोचेपर्यंत बारा वाजले. कैलास लेण्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी काय भर घालणार. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, आधी कळस मग पाया, हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण 'खणणं' हा विषय डोक्यात घेऊन गेलं की ते वेगळं दिसतं. इथे कुणी काही बांधलेलंच नाही. वरून दगड काढत काढत गेले आणि जे काढलं नाही ते देऊळ झालं. चिमी जोत्यावरच्या हत्तींपाशी रेंगाळली. मला वाटलं फोटो हवाय. नाही, ती मोजत होती.

तिथून एकविसाव्या लेण्यात गेलो, रामेश्वर म्हणतात ते. दर्शनी बाजूला मकरावर उभी असलेली गंगा आहे. वेरूळमधली माझी सगळ्यात लाडकी मूर्ती. कमरेला अशी बाक दिलीय की दगड आहे हे विसरायला होतं. चिमी मात्र गंगेकडे बघेना. ती मकराकडे बघत होती.

"याला सोंड आहे आणि माशाची शेपटी आहे. आई, हा डुगाँग आहे!"

मकर हा कल्पनेतला प्राणी आहे, थोडा मगर, थोडा हत्ती, थोडा मासा, हे मी समजावलं. ती काही वादात हरली नाही. डुगाँगचे जवळचे नातेवाईक हत्तीच आहेत, देवमासे किंवा डॉल्फिन नव्हेत, आणि शेपूट डॉल्फिनसारखी आडवी फाकलेली, हे तिने वहीत आधीच लिहिलेलं होतं. आता मी काय बोलणार? एवढंच म्हटलं की चौदाशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराला विचारता येत नाही, म्हणून वहीत हे पेन्सिलने लिही.

पहिलं साम्य मात्र त्या दिवशी शाईने लिहिलं गेलं: दोघंही शुद्ध शाकाहारी. समुद्रात राहून फक्त वनस्पतींवर जगणारा सस्तन प्राणी म्हणजे डुगाँग, आणि वॉम्बॅट रात्री बिळातून निघून गवत खातो. दादूचं म्हणणं, हे फारच सोपं झालं. खरंच सोपं होतं.

(वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. दर वर्षी कुणीतरी परत फिरतंच. पावसाळ्यात एकोणतिसाव्या लेण्याकडचा धबधबा बघायचा असेल तर तिथवर पायपीट करायची तयारी ठेवा.)

दिवस दुसरा: पैठण, अंबाजोगाई आणि एक हुकलेली खोली

१७ सप्टेंबर. बाकी महाराष्ट्राला हा दिवस कॅलेंडरात शोधावा लागतो, मराठवाड्यात गावोगाव झेंडा असतो. १९४८ साली याच दिवशी निजामाचं राज्य संपलं. वाटेत प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शाळेबाहेर पांढऱ्या सदऱ्यातली पोरं रांगेत. एका गावात गाडी थांबवावी लागली, प्रभातफेरी रस्ता ओलांडत होती. एका मुलीने खिडकीतून चिमीच्या हातात दोन गोळ्या दिल्या आणि पळाली.

पैठणला एकनाथांच्या वाड्यात जाऊन आलो, मग नाथसागर. १९७६ साली पुरं झालेलं हे धरण जवळपास दहा किलोमीटर लांब आहे. पलीकडचा काठ दिसत नाही. लहानपणी मी यालाच समुद्र समजायचे. चिमीने लगेच विचारलं, डुगाँग इथे सोडला तर?

काठावर एक भोई जाळं झटकत बसले होते. त्यांच्यासमोरच ही चर्चा झाली, त्यामुळे तेही ओघाने सामील झाले. डुगाँगला खारं पाणी लागतं आणि समुद्रगवत लागतं, गोड्या पाण्यात तो राहत नाही, हे चिमीने त्यांना सांगितलं.

"किती खातं?"

"दिवसाला तीस-चाळीस किलो."

"मग धाडा की इकडं. खाली नदीत जलपर्णी माजलीय, तेवढी तरी संपंल."

यावर दादूने चक्क कामाची गोष्ट सांगितली. डुगाँग नाही, पण त्याचा चुलतभाऊ मॅनेटी नदीत राहतो, जलपर्णी खातो, आणि दक्षिण अमेरिकेत गयाना देशात कालवे साफ ठेवायला त्याला मुद्दाम सोडलेलं आहे. भोईकाकांनी जाळं खाली ठेवलं. माणसं एखादी गोष्ट पटली की हातातलं काम थांबवतात, तसं. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला: "अन् हे पिल्लू पाण्यात दूध कसं पितंय?"

डुगाँगच्या मादीचे स्तन पुढच्या वल्ह्यांच्या मागे, काखेत असतात. पिल्लू आईला चिकटून पोहत पितं. तेरा-चौदा महिने पोटात, जन्मताना वजन तीस किलोच्या आसपास, आणि एका वेळी एकच. वॉम्बॅटचं उलटं. महिनाभरात जन्म, तेव्हा ते एक-दोन ग्रॅमचं, पावट्याच्या दाण्याएवढं, डोळे मिटलेलं. तेच सरपटत पिशवीत जातं आणि सहा ते दहा महिने आत राहतं. हे साम्य नाही म्हणून वहीत जाणार नव्हतं. पण भोईकाकांना तेच आवडलं. "एकीनं पोटात वाढवलं, एकीनं पदरात," ते म्हणाले आणि जाळं उचललं.

पैठणीच्या केंद्रात मी तासभर घालवला. त्याबद्दल इथे लिहीत नाही, नवरा हे वाचतो.

दुसरं साम्य गाडीत सापडलं: दोघंही एकाच देशात सापडतात. जगातले सगळ्यात जास्त डुगाँग ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत आहेत, एकट्या पश्चिमेकडच्या शार्क बेमध्येच हजारोंनी. आपल्याकडे ते कच्छचं आखात, तामिळनाडूकडचं मन्नारचं आखात आणि पाल्कचा उपसागर, आणि अंदमान एवढ्यापुरते उरलेत. डुगाँग हा अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी. २०२२ साली तामिळनाडूने पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं क्षेत्र फक्त डुगाँगसाठी राखून ठेवलं.

बीडच्या पुढे मांजरसुंबा घाट, मग बालाघाटच्या डोंगररांगा. सीताफळं नुकती येऊ लागली होती. रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेल्या बाईंनी "आज खाऊ नका, परवा खा" असं बजावून कच्ची दिली. परवा खाल्ली, बरोबर परवाच पिकली होती.

अंबाजोगाईला संध्याकाळी पोचलो. योगेश्वरीचं दर्शन घेऊन हत्तीखान्याकडे गेलो. पुस्तकात याला शिवलेणी म्हणतात, पण गावात हत्तीखाना विचारा. जमिनीत खणून काढलेलं मोकळं अंगण, कडेने खांबांची लेणी, आणि अंगणात दगडाचे मोठाले हत्ती. झिजलेले, काहींच्या सोंडा तुटलेल्या. तिथे आमच्याशिवाय दोन शेळ्या होत्या.

चिमीने मामांना हत्तीपाशी नेलं आणि वर्ग घेतला. हत्तिणीचे स्तन गाईसारखे मागे नसतात, पुढच्या पायांच्या मध्ये असतात, डुगाँगसारखे. नर डुगाँगलाही सुळे असतात, आखूड, पण सुळेच. मामा खाली वाकून दगडी हत्तीच्या पोटाखाली बघून आले. "हा हत्ती हाय, हत्तीण न्हाई. काय दिसायचं न्हाई," एवढा अहवाल दिला.

त्यावरून तिसरं साम्य निघालं: दात. डुगाँगचा सुळा आयुष्यभर वाढत राहतो. वॉम्बॅटचे तर सगळेच दात मुळाशी उघडे, उंदरासारखे वाढत राहतात, कारण वाळलेलं गवत दातांना कानशीसारखं घासतं.

मग खोलीची गोष्ट. ज्या लॉजवर दोन आठवडे आधी पैसे भरून खोली ठरवली होती, तिथल्या माणसाने वही उलटीपालटी करून सांगितलं, नोंद नाही. पावती दाखवली. पावती खरी आहे म्हणाला, पण खोली नाही. दुसरीकडे विचारलं, सगळं भरलेलं. रात्रीचे आठ वाजले होते. मी चिडून फोनवर भावाशी बोलत असताना मामा म्हणाले, "ताई, माझी मावसबहीण रेणापूरच्या अलीकडं दिलेली हाय. चला."

आगंतुकासारखं कसं जायचं, हे बोलेपर्यंत गाडी वळलीसुद्धा होती.

अंधाऱ्या रस्त्यावर हेडलाइटमध्ये एक भली मोठी घूस आडवी गेली. दादू ओरडला, "बँडिकूट!"

मामांनी ब्रेकवरचा पाय काढला. "काय म्हणाला तू?"

"इंग्रजीत घुशीला बँडिकूट म्हणतात, मामा."

"इंग्रजीत? अरे, ते तेलुगू हाय. पंदिकोक्कु. पंदि म्हंजे डुक्कर, कोक्कु म्हंजे घूस. आमच्या देगलूरला निम्मं गाव तसंच म्हणतंय."

आणि ते अगदी बरोबर होतं. तेलुगूतला हा शब्द इंग्रजांनी उचलला, आपल्या घुशीला लावला, आणि पुढे ऑस्ट्रेलियात लांब नाकाचे, पिशवीवाले लहान प्राणी दिसले तेव्हा त्यांनाही तोच चिकटवून टाकला. त्यांच्याच गोतातला बिल्बी नावाचा लांबकान्या प्राणी वॉम्बॅटसारखाच जमिनीत खोल बिळं काढतो. वॉम्बॅट हा शब्द मात्र तिथलाच, सिडनीजवळच्या दारुग लोकांच्या भाषेतला. देगलूरच्या बाजारातला एक शब्द समुद्र ओलांडून कांगारूंच्या देशात जाऊन बसला, आणि आम्ही तो दादूच्या तोंडून परत रेणापूरच्या रस्त्यावर ऐकत होतो. मामा पुढचा अर्धा तास स्वतःशीच "पंदिकोक्कु" म्हणत हसत होते.

दिवस तिसरा: चौकोनी शेण

रात्री काय जेवलो हे आधी सांगते. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. नऊ वाजता चार माणसं न सांगता आली आणि साडेनऊला ताटं वाढलेली होती. मावसबहिणीने एकदाही "काही केलं नाही हो" म्हटलं नाही, कारण केलं होतं.

सकाळी जाग आली ती थप थप आवाजाने. घरातल्या आजी परसात गोवऱ्या थापत होत्या. चिमी त्यांच्यासमोर उकिडवी बसलेली, वही मांडीवर. मी चहाचा कप घेऊन ओसरीवरून बघत राहिले.

आजींनी शेणात भुसा कालवला, दोन्ही हातांनी गोळा उचलला, एकदा तळहातावर फिरवला आणि भिंतीवर मारला. पाच बोटं उमटली. "तुझं ते जनावर कसलं शेण टाकतंय?"

"चौकोनी."

आजींचा हात हवेत थांबला.

"खरंच आजी, फाशासारखं. एका रात्रीत शंभरेक तुकडे." वॉम्बॅटच्या आतड्याची भिंत सगळीकडे सारखी ताणत नाही, कुठे कडक, कुठे सैल, त्यामुळे शेवटच्या भागात येईपर्यंत शेणाला कडा येतात. हे शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१९ साली भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. वॉम्बॅट ते तुकडे दगडावर, ओंडक्यावर ठेवून हद्द आखतो.

आजींनी गोळा भिंतीवर मारला. "आयतंच की गं. थापायचं काम न्हाई." थोड्या वेळाने, दुसऱ्या गोळ्याला: "वाळत घातलं की झालं. रचायलाबी बरं."

त्या हसत नव्हत्या. खरोखर सोय बघत होत्या.

मग पिशवी. वॉम्बॅटची पिशवी मागच्या बाजूला उघडते, म्हणजे उकरताना आत माती जात नाही. हे ऐकून आजींनी पदराची ओटी करून दाखवली. मूग तोडताना ओटी पुढे असते, वाकलं की शेंगांबरोबर माती, पालापाचोळा सगळं आत. "देवानं त्याला डोकं दिलं. आम्हाला शिवणाऱ्यानं न्हाई दिलं."

एवढ्यात आजोबा गोठ्यातून आले. त्यांना समुद्रगाय ऐकून माहीत होती, टीव्हीवर बघितली होती. पण त्यांचा आक्षेप होता.

"गाय म्हणता. रवंथ करती का?"

चिमीने वही चाळली. नाही, डुगाँग रवंथ करत नाही. त्याच्या पोटात गाईसारखे चार कप्पे नसतात. गवत आंबवायचं काम मागे, लांबलचक मोठ्या आतड्यात होतं.

"मग गाय कशाची?"

"म्हैस म्हणू या का? ती पाण्यात बसते," मी म्हटलं.

"म्हैसबी रवंथ करती." माझ्याकडे त्यांनी शहरातल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. "घोडी म्हणा. घोडीचं पोट तसलंच असतंय, मागं आंबवतंय. म्हणून तर तिला पोटशूळ उठतोय." आणि विचारलं, "ते बिळातलं रवंथ करतंय का?"

नाही. वॉम्बॅटही गवत मागच्या आतड्यातच आंबवतो, अगदी संथपणे, आठवडा-दोन आठवडे लावून. म्हणून तर पाणी पुरतं शोषलं जाऊन शेण एवढं कोरडं होतं.

"झालं की मग. दोन्ही घोड्याच्या जातीचे," आजोबा म्हणाले.

जात म्हणजे गोत्र नाही, हे दादूने सांगायचा प्रयत्न केला, मी त्याला डोळ्याने दटावलं. चौथं साम्य लिहून झालं होतं आणि ते आम्हाला पुस्तकात असूनही दिसलं नव्हतं.

पाचवंही त्यांनीच दिलं. वॉम्बॅटला खरूज फार होते, कुत्र्यांना होते त्याच किड्याने, आणि तिकडे ती मोठी समस्या आहे, हे ऐकून त्यांनी करंजाचं तेल सुचवलं. पिकाची नासाडी करतो का, विचारलं. कुंपणाखालून उकरून जातो, म्हणून एके काळी त्याला मारणाऱ्याला इनाम मिळायचं, असं दादू म्हणाला. "रानडुकराचंच की." आणि मग सहज: "ती पाण्यातली घोडी गवत कसं खाती, वरचं वर कातरून?"

चिमी म्हणाली, नाही, मुळासकट. डुगाँग खालच्या बाजूला वळलेल्या जाड ओठांनी वाळू उकरत, समुद्रगवताची मुळं काढत पुढे सरकतो, आणि त्याच्यामागे तळावर लांब पट्टे उरतात. विमानातूनही दिसतात.

आजोबांनी काठीने अंगणात एक रेघ ओढली. शेजारी दुसरी, तिसरी.

"तास म्हणतेत याला. नांगर चालला की तास पडतंय. उकरतंय की ते. दोन्ही उकरतेत."

चिमीने लिहिलं. मी त्या रेघांचा फोटो काढला. तिथून एक कोंबडी गेली आणि त्यातली एक रेघ विस्कटली.

निघताना घर बघितलं. मागच्या बाजूला जुनं माळवदाचं घर आहे, मातीच्या जाड भिंती, आत भर दुपारी गारवा. जमिनीत धान्याचं पेव आहे, आता रिकामं. पण तिथे कोणी झोपत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा इथलीही भांडी फळीवरून पडली होती. किल्लारी-सास्तूरकडे तर दगडमातीच्या भिंती आणि माळवदांची माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. तेव्हापासून आजी पत्र्याच्या खोलीत झोपतात, उन्हाळ्यात अंगणात. "गार हाय, पण डोस्क्यावर हाय," त्या म्हणाल्या. यावर वॉम्बॅटचं काही बोलावं असं कुणालाच वाटलं नाही.

दुपारी लातूरला सुशीला खाल्ला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, पोह्यासारखा फोडणी दिलेला. पुढे औशामार्गे नळदुर्गच्या दिशेने. किल्लारीच्या स्मारकापाशी थांबलो, मुलं गप्प होती. मुक्काम तुळजापूरला. या वेळी खोली होती.

दिवस चौथा: पाणी महाल

नळदुर्ग मी तीनदा बघितलाय, पण वाहताना पहिल्यांदाच. बोरी नदी अडवून किल्ल्यात धरण बांधलंय, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, आणि त्या धरणाच्या भिंतीच्या पोटात महाल आहे. पाऊस चांगला झाला की भिंतीवरून दोन धबधबे कोसळतात, त्यांना नर-मादी म्हणतात. त्या दिवशी दोन्ही सुरू होते.

भिंतीतल्या अरुंद जिन्याने खाली उतरलो. आवाज आधी येतो, मग गारवा, मग पायाखालची थरथर. महालात बसायला जागा आहे, खिडकी आहे, आणि खिडकीपलीकडे पाणीच पाणी. एका बाजूला साठलेली नदी, दुसऱ्या बाजूला पडणारी, आणि मधे आपण, कोरडे. तुषार चेहऱ्यावर येत होते. बोलायला कानाशी ओरडावं लागत होतं.

चिमी खिडकीत बसली आणि दादूच्या कानात काहीतरी ओरडली. त्याने मला सांगितलं: "ती म्हणते, हे पाण्यातलं बीळ आहे."

मी मान डोलावली. वही नशिबाने वर गाडीत होती.

(धबधबे बघायचे तर ऑगस्ट-सप्टेंबर, तेही पाऊस झाला असेल तर. निघण्याआधी तिथल्या कुणाला तरी विचारा, कोरड्या वर्षी निराशा होते. दगड शेवाळलेले असतात, मुलांचा हात सोडू नका. उपळी बुरूज उन्हाच्या आधी चढा. सोलापूर तासाभरावर, तिथून पुण्याला गाड्या भरपूर.)

सोलापूर स्टेशनवर मामांचा निरोप घेतला. मी त्यांना ठरल्यापेक्षा जास्त पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत, मग शेंगाचटणीचे दोन पुडे घेतले.

प्रकल्प दहा दिवसांनी परत आला. पाचही साम्यांपुढे बरोबरच्या खुणा. चिमीने शेवटी 'इतर माहिती' म्हणून चौकोनी शेणाचं लिहिलं होतं, त्याला बाईंनी तांबड्या शाईत प्रश्नचिन्ह काढून 'कोणी सांगितले?' असं विचारलं होतं. हे मी मामांना फोनवर सांगितलं. त्यांनी ते बहिणीला सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यांचा उलट फोन आला. आजींचा निरोप होता: बाईंना पाठवून द्या, भाकरी खाऊन जातील.